शिडी, दोर आणि बदामीचा कडा

पोस्ट लांबलीय, चहा घेऊन बसा.

आमच्या घरात एक गोष्ट निदान चार पिढ्या तरी सांगितली जातेय. आमचा मूळपुरुष बदामीच्या वेढ्यात शिडी लावून किल्ल्यावर पहिला चढला, वर निशाण लावलं आणि त्याबद्दल रामदुर्गाकडची जमीन इनाम मिळाली. कर्नाटकातल्या 1974 च्या कायद्यानंतर जमीन कुळांच्या नावावर झाली. गोष्ट मात्र कुणाच्या नावावर झाली नाही, ती आमच्याकडेच राहिली. बाबा आता 84 वर्षांचे आहेत. बेळगावात आमच्याकडे आलेला एकही पाहुणा ती ऐकल्याशिवाय गेलेला नाही.

मी स्वतः वीस वर्षं कडे चढतोय, तो नाद त्या गोष्टीमुळंच लागला असं बाबा म्हणतात. तेव्हा वयाच्या एकावन्नाव्या वर्षी जानेवारीत चार दिवस रजा काढली, गाडीत तंबू, दोर, हार्नेस, स्टोव्ह टाकला आणि एकटाच बदामीला निघालो. बाबा म्हणाले, "जाऊन ये की. खालनं बघून येऊ नको, वरपर्यंत जा." आईनं बनशंकरीच्या ओटीचं सामान दिलं. तुमच्यापैकी कितीतरी घरांची ती कुलदेवी आहे, पौष पौर्णिमेच्या जत्रेला गेला असालच.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती. ती पुढे.

यरगट्टी, रामदुर्ग करत गेलो, पण आधी नरगुंदकडे वळलो. बदामीची लढाई समजायला नरगुंदपासूनच सुरुवात करावी लागते. तिथले संस्थानिक भावे पुण्याला मानणारे. टिपूनं खंडणी वाढवून मागितली, व्यंकटराव भावे आणि कारभारी काळोपंत पेठे यांनी ती नाकारली. 1785 मध्ये टिपूच्या फौजेनं नरगुंद घेतलं आणि दोघांना कैद करून नेलं. त्याचा जाब विचारायला दुसऱ्या वर्षी पेशव्यांची आणि निजामाची फौज मिळून कृष्णा ओलांडून आली, मराठ्यांकडून सरदार होते हरिपंत फडके. पहिला मोठा घास बदामी. (याच नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांना 1858 मध्ये आपल्या बेळगावात फाशी दिली. आपल्या शाळांत हे किती शिकवतात?)

संध्याकाळी बदामीबाहेर एका जोंधळ्याच्या रानाकडेला तंबू लावला. रानाचा मालक म्हातारा, माझं बेळगावी कानडी ऐकून हसला. "ऊटा आतेन्री?" विचारलं आणि उत्तराची वाट न बघता खटक भाकरी, शेंगाहिंडी आणून दिली. रात्री वारा असा की तंबूच्या दोऱ्या तीनदा ताणाव्या लागल्या. पहाटे वानरांनी ब्रेडचा पुडा नेला, तेवढं नुकसान.

आता कड्याबद्दल. आपला सह्याद्री काळ्या दगडाचा, हातात धरलेला खडा कधी निसटेल याचा भरवसा नाही. बदामीचा दगड तांबडा वालुकाश्म. आडव्या फटी, बोटं आत जाऊन बसतील अशा खोबणी, आणि मध्येच पोटासारखे पुढे आलेले भाग. गिर्यारोहकांनी काही भिंतींवर बोल्ट ठोकून ठेवलेत, देशविदेशातनं लोक येतात. लेण्यांच्या आणि देवळांच्या आसपास चढायचं नाही, आणि ते योग्यच आहे. त्या दगडावर लिहिलेलंच इतकं आहे! पहिल्या पुलकेशीनं किल्ला बांधला तो शक 465 चा, म्हणजे 543 चा लेख कड्यावर आहे. तिसऱ्या लेण्यात मंगलेशाचा 578 चा. 642 मध्ये कांचीच्या नरसिंहवर्मनानं वातापी जिंकली, त्याचाही लेख तिथल्याच दगडावर. जो आला त्यानं दगडावर नाव घातलं. आमच्या मूळपुरुषाचं नाव अर्थातच कुठे नाही.

एकटा निघालो तरी दोराला दुसरं टोक लागतं. गावातला एक पोरगा बिले द्यायला मिळाला, माझ्या मुलीच्या वयाचा. सकाळी सावलीत दोन मार्ग चढलो. तिसऱ्यावर पोट पुढे आलेल्या जागी हात सुटला, चारेक मीटर खाली येऊन दोरावर लोंबकळत राहिलो. खालनं पोरगा शांतपणे म्हणाला, "अंजबेड्री, हिडदीनी." घाबरू नका, धरलंय. तिथं लोंबकळताना मला 1786 चा मे महिना दिसला. मे! जानेवारीतसुद्धा अकरानंतर तो दगड तापतो, घामानं बोट घसरतं. पायात रबरी जोडे नाहीत, कमरेला दोर नाही, पाठीला तलवार, आणि वर माणसं धोंडे घेऊन उभी.

ग्रँट डफच्या 1826 मध्ये छापलेल्या इतिहासात या हल्ल्याचं वर्णन आहे. जवळपास तीन आठवडे तोफा डागून तटाला काही होईना, म्हणून 20 मे रोजी शिड्या लावायचं ठरलं. खंदकात पुरलेल्या दारूनं माणसं उडाली. तरी शहराचा तट घेतला, पळणाऱ्यांचा पाठलाग करत लोक डोंगरांपर्यंत पोचले. पण बदामीला दोन्ही बाजूंच्या टेकड्यांवर दोन किल्ले, बावनबंडे आणि रणमंडळ. तिथं ते अडले. वरनं धोंडे आणि बंदुका. मराठे आणि निजामाचे लोक चढायचा हट्ट सोडेनात, शेवटी आतल्यांनी जीवदानाच्या अटीवर किल्ले खाली केले.

म्हणजे शिडीनं घेतला तो शहराचा तट. वरचे किल्ले बोलणी होऊन मिळाले.

दुसऱ्या दिवशी दोर गाडीत ठेवला आणि उत्तरेकडच्या किल्ल्यावर पायवाटेनं गेलो. दोन उभ्या कड्यांच्या फटीतनं पायऱ्या जातात. काही ठिकाणी हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतात. वर आभाळाची पट्टी. वीस वर्षं चढणारा माणूस म्हणून सांगतो, या बाजूला कुठलीही बांबूची शिडी पुरणार नाही. यायचं तर या फटीतनंच, एकामागे एक, आणि वरच्यानं फक्त दगड ढकलायचा. निशाणाची जागा मी शोधलीच नाही. फटीतल्या एका पायरीवर बराच वेळ बसून राहिलो.

कारण न सांगितलेली गोष्ट अशी. आमच्या ट्रंकेत एक मोडी कागद आहे. तोच इनामाचा कागद, दसऱ्याला त्याची पूजा होते, पण वाचता कुणालाच येत नव्हता. दिवाळीनंतर मी एका जाणकाराकडून वाचून घेतला. सन सबा समानीन मया व अलफ, म्हणजे 1786-87. बदामीच्या हल्ल्यात ठार झाला, सबब मुलास बालपरवेशी म्हणून जमीन दिली, असा मजकूर. पेशवाईत लढाईत पडलेल्याच्या मुलाबाळांना पोटासाठी जे देत ते बालपरवेशी. निशाणाचा उल्लेख नाही. आमचा माणूस वर पोचला नव्हता.

दोन महिने हे बाबांना सांगायचं धाडस झालं नव्हतं. 84 वर्षांच्या माणसाच्या हातातनं गोष्ट काढून घ्यायची का? गप्प बसावं असंही वाटलं. पण त्या पायरीवर बसल्यावर वाटलं, ज्यानं जीव दिला त्याची खरी गोष्ट आपणच लपवायची, हे काही बरं नव्हे.

परतीला बनशंकरीला ओटी भरली, हरिद्रा तीर्थाच्या पायऱ्यांवरनं फोन लावला. सगळं सांगितलं. बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मला वाटलं फोन कटला.

मग म्हणाले, "पोरगं केवढं होतं रे?"

म्हटलं, कागदात वय नाही. फक्त अज्ञान आहे असं लिहिलंय.

"आणि त्याची आई?"

तिचं नाव पण नाही म्हटलं.

"बरं," म्हणाले. "त्याच्या नावानं पण एक नारळ फोड."

फोडला. गेल्या रविवारी इंदूरहून पाहुणे आले होते. बाबांनी गोष्ट सांगितली, नवी. निशाण गाळलं. फटीतल्या पायऱ्या मात्र स्वतः बघून आल्यासारख्या सांगितल्या.

तुमच्या घरी बदामी, नरगुंद, गजेंद्रगड या मोहिमेचे कागद असतील, वाचून न घेतलेले मोडी रुमाल असतील, तर खाली नक्की लिहा. आणि वाचून घ्या.