सुरतेचा रुपया आणि सराफाचा बट्टा

आमच्या कामरेजहून तापी खाली वाहत सुरतेला जाते. मुघल काळात तिथल्या बंदरात परदेशी चांदी उतरे, टांकसाळीत जाई आणि रुपया होऊन बाहेर पडे. वजन साडेअकरा ग्रॅमच्या आसपास, चांदी जवळजवळ निर्भेळ. त्यावर फारसीत बादशहाचं नाव, त्याच्या राज्याचं वर्ष आणि ‘जर्ब सुरत’, म्हणजे सुरतेत पाडलेला.

आता गंमत बघा. चांदी तीच, तरी सगळे रुपये सारखे नव्हते. ताजा पाडलेला तो सिक्का, त्याला पुरा भाव. वर्ष उलटलं की तो चलनी, मग बट्टा लागे. आधीच्या बादशहाचा असला तर आणखी जास्त. जुना म्हणजे झिजलेला, हा त्यामागचा हिशेब. नावाला बट्टा लागतो असं आपण म्हणतो, तो शब्द याच बाजारातला.

बट्टा ठरवी सराफ, आणि सुरतेच्या सराफांत जैन वाणी पुष्कळ. १६६४ च्या स्वारीत लुटला गेलेला वीरजी व्होरा मराठी माणसाला ठाऊक असतो. तो इंग्रजांच्या कंपनीलाही कर्ज देणारा जैन सावकार होता, हे कमी जणांना ठाऊक. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताचे पाच अतिचार सांगितलेत, त्यांत खोटी मापं आहेत आणि खोट्या मालाचा व्यवहारही. पण सारा भरायला आलेल्या कुणब्याला फारसी कुठून वाचता येणार? वर्ष कुठलं, हे सराफ सांगेल तेच. त्या बट्ट्यात झीज किती आणि कुणब्याचं अज्ञान किती, हा प्रश्न मला सुटत नाही.

सराफ चांदी पारखायला रुपयावर बारीक ठसे मारत. तेव्हा ती खरेपणाची खूण होती. आज संग्राहकाला तोच डाग वाटतो आणि किंमत उतरते. जुनं वर्ष आता दोष राहिलं नाही. नूरजहानच्या नावाचे रुपये सुरतेतही पडले. त्यांना तर शोधत येतात. मात्र टांकसाळीचं नाव दिसायला हवं. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे कितीदा ‘सुरत’ निम्मं बाहेरच राहतं. अक्षरं पुरी असलेला रुपया म्हणून भाव खातो.

१८३५ नंतर कंपनीचा एकसारखा रुपया आला आणि नाण्यावरून सुरत गेली. हल्लीच्या नाण्यांवर वर्षाखाली नुसती खूण असते: मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचं टिंब. कोलकात्याच्या नाण्याला काहीच नाही.

धनतेरसेला पूजेतले रुपये चिंचेनं लख्ख घासायची आपल्याकडे रीत आहे. पूजेपुरतं ठीक, पण विकायचा विचार असेल तर हात आवरा. शतकांचा काळसर थर एकदा गेला की परत येत नाही, आणि जाणकाराला तो घासलेला रुपया लगेच ओळखू येतो. हारासाठी कडी डाकवलेला असेल, तर तो हारातच राहू द्या.