हेब्बाळ आणि सरकत्या सीमा : म्हैसूरच्या मतदारसंघांची वाटचाल

कर्नाटकात हेब्बाळ नावाची दोन ठिकाणे सर्वपरिचित आहेत. बंगळुरूच्या उत्तरेकडील हेब्बाळच्या नावाने विधानसभेचा एक मतदारसंघ आहे. म्हैसूर शहराच्या वायव्येस असलेल्या हेब्बाळला तो मान लाभलेला नाही. तळ्याकाठच्या या जुन्या गावाच्या परिसरात पुढे औद्योगिक वसाहत उभी राहिली, इन्फोसिसचे विस्तीर्ण प्रशिक्षण संकुल आले आणि शहर गावापर्यंत येऊन भिडले. गाव मात्र जागचे हलले नाही. हलल्या त्या त्याच्या भोवतीच्या राज्याच्या, जिल्ह्याच्या आणि मतदारसंघांच्या सीमा. त्या कोणी व कशासाठी आखल्या हे पाहिले म्हणजे एका मताचे मोल कसे ठरते, हेही उमगते.

1881 मध्ये इंग्रजांनी म्हैसूरचा कारभार वाडियार घराण्याकडे परत सोपवला. त्याच वर्षी दिवाण रंगाचार्लू यांच्या पुढाकाराने प्रजाप्रतिनिधी सभा स्थापन झाली आणि ७ ऑक्टोबर रोजी 144 सभासदांची पहिली बैठक भरली. पुढे दसऱ्याच्या सुमारास ही सभा भरण्याचा प्रघात पडला. त्या काळी तालुका हा प्रतिनिधित्वाचा आधार होता आणि सभासद प्रामुख्याने जमीनदार व व्यापारी असत. 1907 मध्ये कायदेमंडळाची स्थापना झाली, तेव्हा दिवाणपदी व्ही. पी. माधवराव होते. ते कुंभकोणमच्या देशस्थ मराठी घराण्यातले. 1923 च्या कायद्याने प्रजाप्रतिनिधी सभेला वैधानिक दर्जा मिळाला. तरीही सर्वसामान्य शेतकरी आणि मजूर मताधिकारापासून दूरच राहिले. सीमा कोठून जाते, हा प्रश्न त्यांच्यापुरता अजून उद्भवलाच नव्हता.

स्वातंत्र्यानंतर प्रौढ मताधिकार आला आणि तो प्रश्न प्रत्येकाचा झाला. 1952 च्या निवडणुकीत म्हैसूर विधानसभेच्या 99 जागा होत्या. १ नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना झाली. चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा, तसेच विजापूर, धारवाड आणि कारवार हे मुंबई राज्यातील जिल्हे म्हैसूर राज्यात आले; मद्रास राज्यातील कोळ्ळेगाल तालुका म्हैसूर जिल्ह्याला जोडला गेला. 1957 च्या विधानसभेत 208 सभासद निवडून गेले. निपाणी-खानापूरच्या ज्या मराठी कुटुंबांनी 1952 मध्ये मुंबईच्या विधानसभेसाठी मत दिले होते, त्यांनी पाच वर्षांनी म्हैसूरच्या विधानसभेसाठी मत दिले, तेही घर न बदलता. हेब्बाळचा कन्नड शेतकरी आणि खानापूरचा मराठी शेतकरी एकाच सभागृहाचे मतदार झाले. एकाला ते आपल्याच राज्याचे वाढलेले रूप वाटले. दुसऱ्याच्या मनात सीमाप्रश्नाची सल कायमची राहिली.

सभागृह वाढत गेले : 1967 मध्ये 216 जागा, 1978 मध्ये 224. मधल्या काळात, 1973 मध्ये, राज्याचे नाव कर्नाटक झाले. जिल्हा मात्र आक्रसत गेला. 1939 मध्ये मंड्या त्यातून वेगळा झाला होताच. 1997 मध्ये चामराजनगरही वेगळा झाला. शहराच्या मतदारसंघांना चामराज, कृष्णराज, नरसिंहराज अशी राजघराण्यातील नावे मिळाली, तर शेजारचा मतदारसंघ चामुंडी टेकडीवरील देवीच्या नावाने चामुंडेश्वरी म्हणून ओळखला जाऊ लागला. राजेशाही संपली, पण मतपत्रिकेवर तिची नावे उरली.

जनगणनेनंतर लोकसंख्येनुसार मतदारसंघांची फेररचना व्हावी, हा घटनेचा मूळ संकेत. परंतु 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जागांची संख्या 1971 च्या जनगणनेवर गोठवली. कुटुंबनियोजन यशस्वीपणे राबवणाऱ्या राज्यांचे प्रतिनिधित्व त्या यशामुळेच घटू नये, हा त्यामागचा विचार होता. त्याची एक किंमतही होती. शहरे फुगत गेली, खेडी उपनगरे झाली, पण नकाशावरच्या रेषा तीस वर्षे जिथल्या तिथे राहिल्या. विस्तारलेल्या मतदारसंघातील मत आपोआप हलके झाले.

हा असमतोल दूर करण्यासाठी न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने 2001 च्या जनगणनेच्या आधारे नव्या सीमा आखल्या. एकूण जागा 224 च राहिल्या. बदलली ती त्यांची वाटणी. मे 2008 ची कर्नाटकाची निवडणूक या नव्या रचनेनुसार झाली. म्हैसूर जिल्ह्यातील बन्नूर मतदारसंघ इतिहासजमा झाला, वरुणा हा नवा मतदारसंघ जन्मला, नंजनगूड अनुसूचित जातींसाठी आणि हेग्गडदेवनकोटे अनुसूचित जमातींसाठी राखीव झाला. आज जिल्ह्यात 11 मतदारसंघ आहेत.

या फेररचनेचा परिणाम सिद्धरामय्या यांच्या वाटचालीत स्पष्ट दिसतो. 1983 मध्ये चामुंडेश्वरीतून ते प्रथम निवडून आले. 2006 च्या पोटनिवडणुकीत तेथेच ते अवघ्या 257 मतांनी तरले. 2008 मध्ये त्यांचे मूळ गाव सिद्धरामनहुंडी वरुणात गेले आणि तेही वरुणातून उभे राहून विजयी झाले. 2018 मध्ये, मुख्यमंत्री असताना, ते चामुंडेश्वरीत परतले, तेव्हा 36,042 मतांनी पराभूत झाले. विधानसभेतील त्यांचे स्थान टिकले ते दूरच्या बदामीने दिलेल्या 1,696 मतांच्या आघाडीवर. मतदारसंघाचे नाव तेच होते. त्याच्या आतली गावे आणि माणसे मात्र पहिल्यासारखी राहिली नव्हती.

2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत राज्यांमधील जागांची विभागणी कायम ठेवण्याची तरतूद घटनेत आहे. तो टप्पा आला की कर्नाटकासह सर्वच दक्षिणी राज्यांपुढे 1976 चा जुना प्रश्न नव्याने उभा राहणार आहे. त्या चर्चेत हेब्बाळसारख्या शहराच्या वेशीवरील वस्त्यांचा विसर पडू नये. सीमा ठरते ती आयोगाच्या दालनात. पण त्या सीमेच्या आत रस्ता, पाणी आणि शाळेसाठी कोणाच्या दारी जायचे, हे तिच्यावरच अवलंबून असते. म्हणून नागरिकशास्त्राच्या पाठात राज्याच्या नकाशाशेजारी आपल्या मतदारसंघाचाही नकाशा असावा, आणि त्यात आपले गाव कोणत्या रेषेच्या आत येते, हे प्रत्येक विद्यार्थ्याला बोट ठेवून दाखवता यावे.