रिक्षावरच्या ‘आरई’ची गोष्ट

रिक्षावर ‘आरई’ लिहिलेलं पाहिलंय ना? त्याचा अर्थ रिअर इंजिन. 1977 साली बजाजनं मागं इंजिन असलेली रिक्षा आणली. 1985 मध्ये वाळूजला, म्हणजे आपल्या जालन्याच्या शेजारीच, त्यांचा कारखाना सुरू झाला.

पोर्शे 911चंही इंजिन मागंच. पण तिला सहा सिलिंडर, प्लग दोन्ही बाजूंना दडलेले; बदलताना घाम फुटतो. आमच्या बाबांच्या टू-स्ट्रोक रिक्षाला एकच प्लग. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेलं, म्हणून त्यावर काजळी धरायची.

एका रात्री बाळंतपणाची सवारी होती, मी बाबांशेजारी. गांधी चमनच्या अलीकडं गाडी बंद! बाबांनी मागचं झाकण उघडलं, कॅप ओढली, पान्यानं प्लग सैल करून फडक्यात धरला. काळाकुट्ट, ओला. नवा प्लग आधी हातानं फिरवला, मग पान्यानं कसला.

“हेड ॲल्युमिनियमचं आहे, एकदम पाना लावला तर आटे जातात.”

हँडल ओढलं, गाडी सुरू. बाई वेळेत दवाखान्यात पोचली. भाडं घ्यायचं बाबा ‘विसरले’.

आता ई-रिक्षात प्लगच नसतो. तो पाना मात्र मी जपून ठेवलाय.