एमजी, एमसीजी आणि ग्रॅम : औषधाच्या पट्टीवरचा आकडा कसा वाचायचा?

गोळ्यांच्या पट्टीवरचा आकडा सगळेच वाचतात. त्या आकड्याच्या पुढे जी दोन-तीन बारीक अक्षरे असतात, ती मात्र फार थोडे लोक वाचतात, आणि चूक तिथेच होते. अम्मीच्या थायरॉईडच्या चिठ्ठीवर ०.०५ एमजी लिहिलेले असते आणि मेडिकलवाला ५० ची गोळी देतो. घरात घबराट होते, की हजारपट जास्त दिली की काय! खरे तर दोन्ही एकच आहे. चिठ्ठीवर मिलीग्रॅम आहे, पट्टीवर मायक्रोग्रॅम.

हिशेब एवढाच आहे. १ ग्रॅम म्हणजे १००० मिलीग्रॅम (एमजी). १ मिलीग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम (एमसीजी). मोठ्या मापातून लहान मापात जाताना हजाराने गुणायचे, उलट येताना हजाराने भागायचे, म्हणजे दशांश चिन्ह तीन घरे सरकवायचे. ०.०५ चे ५० झाले, ०.१ चे १००, ०.०२५ चे २५. मधली पायरी नाही, म्हणून नाव चुकले की चूक दुप्पट-तिप्पट होत नाही, थेट हजारपट होते.

पाकिटावर मायक्रोग्रॅम दोन प्रकारे लिहिलेला दिसतो. एक एमसीजी, दुसरे ग्रीक ‘म्यू’ हे अक्षर आणि पुढे जी. हाताने घाईत लिहिलेला म्यू एम सारखाच दिसतो. म्हणून ब्रिटनच्या बीएनएफ या औषधसूचीत मायक्रोग्रॅम हा शब्द संक्षेप न करता पूर्ण लिहायला सांगितले आहे. आपल्या घरच्या वहीतही तसेच लिहावे. अर्धा मिलीग्रॅम लिहायचा तर ‘०.५’ लिहा, नुसते ‘.५’ नको, टिंब पुसले की ५ होतात. आणि १ लिहायचे तर ‘१.०’ नको, त्याचे १० वाचले जातात.

आकडा मोठा म्हणजे डोस मोठा, असे नसते. फॉलिक ॲसिडचेच बघा. मूल हवे असलेल्या बाईला साधारणपणे रोज ४०० एमसीजी सांगितले जाते. मेडिकलवर सहज मिळणारी गोळी मात्र ५ एमजीची असते. पाच हा आकडा चारशेपेक्षा लहान म्हणून ती हलकी वाटते, पण ५ एमजी म्हणजे ५००० एमसीजी, म्हणजे साडेबारा पट. काही जणींना डॉक्टर मुद्दाम ५ एमजी देतात, ती गोष्ट वेगळी. गरोदर बायकांना सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लाल गोळीत ६० एमजी लोह आणि ५०० एमसीजी फॉलिक ॲसिड असते. म्हणजे फॉलिक अर्धा मिलीग्रॅमच आहे, आणि ६० च्या आकड्याचे लोह वजनाने त्याच्या १२० पट आहे.

आपल्याकडे कोकणातल्या कितीतरी घरांत औषधे सौदी, कुवेत, दुबईहून येतात. त्या खोक्यांवर अरबी मजकूर असतो. कुरआन वाचणाऱ्यांना अक्षरे ओळखता येतात, तेव्हा एवढे लक्षात ठेवा : मीम-लाम-गैन असेल तर मिलीग्रॅम, मीम-काफ-गैन असेल तर मायक्रोग्रॅम. लाम की काफ, एका हरफाचा फरक आणि हजारपट डोस. अरबी आकड्यांतही एक खोच आहे. अरबी पाच आपल्या मराठी शून्यासारखा गोल दिसतो आणि अरबी शून्य नुसता ठिपका असतो. ५० चा आकडा गोल आणि ठिपका असा दिसेल. खोक्याच्या दुसऱ्या बाजूला बहुतेक वेळा इंग्रजी असतेच, ती बाजूही वाचा.

व्हिटॅमिन डी चा घोळ आणखी निराळा. आपल्याकडे ते आययू म्हणजे आंतरराष्ट्रीय युनिटमध्ये लिहितात, परदेशी डब्यांवर बऱ्याचदा एमसीजीमध्ये. व्हिटॅमिन डी चे ४० युनिट म्हणजे १ एमसीजी. १००० युनिटची रोजची गोळी म्हणजे २५ एमसीजी, आणि इथे मिळणारी ६०,००० युनिटची पुडी म्हणजे १५०० एमसीजी, दीड मिलीग्रॅम. ही पुडी सहसा आठवड्यातून एकदाच असते. अनेक घरांत ती जुम्याच्या दिवशी घेतात, चांगली सवय आहे, विसरत नाही. पण ‘व्हिटॅमिनच तर आहे’ म्हणून ती रोज घेतली तर रक्तातले कॅल्शियम वाढते आणि किडनीवर येते. ४० चा हा हिशेब फक्त डी साठी आहे, व्हिटॅमिन ए किंवा ई ला लावू नका. इन्सुलिनच्या युनिटचे तर वजनात रूपांतर करूच नये. तिथे ४० च्या बाटलीला ४० चीच सिरिंज आणि १०० च्या बाटलीला १०० चीच, एवढे पाहिले की झाले.

मुलांच्या तापाचे औषध

सगळ्यात जास्त काळजी इथे हवी, कारण इथे एमजीबरोबर एमएल येते. एमजी हे औषधाचे वजन, एमएल हे पातळ सिरपचे माप. ‘५ एमएल दे’ असे आजीने सांगितले तर कोणत्या बाटलीचे, हा पहिला प्रश्न. पॅरासिटामॉलच्या एका बाटलीत ५ एमएलमध्ये १२५ एमजी असते, दुसरीत ५ एमएलमध्ये २५०, आणि तान्ह्यांच्या ड्रॉप्समध्ये १ एमएलमध्येच १००. समजा १० किलोच्या बाळाला डॉक्टरांनी किलोमागे १५ एमजी, म्हणजे एका वेळी १५० एमजी सांगितले. तर पहिल्या बाटलीचे ६ एमएल, दुसरीचे ३ एमएल आणि ड्रॉप्सचे फक्त दीड एमएल होते. ड्रॉप्स सिरपसारखे ६ एमएल पाजले तर बाळाला ६०० एमजी गेले, चौपट! मोजायला बाटलीसोबतचे झाकण किंवा सिरिंजच वापरा, स्वयंपाकघरातला चमचा प्रत्येक घरी वेगळा असतो.

रमजानमध्ये शुगरच्या गोळ्यांचे वेळापत्रक बदलते. मेटफॉर्मिन ५०० एमजी दिवसातून तीनदा, म्हणजे एकूण दीड ग्रॅम, असेल तर डॉक्टर इफ्तारला १००० आणि सहरीला ५०० असे बदलून देऊ शकतात. एकूण डोस तोच राहतो. गडबड होते ती पट्टी बदलल्यावर. मेडिकलवाल्याने १ ग्रॅमची एकच गोळी दिली आणि अब्बांनी ‘इफ्तारला दोन’ या सवयीने दोन घेतल्या, तर २ ग्रॅम गेले. पट्टी नवी आली की आधी तिच्यावरचे अक्षर वाचायचे, मग गोळ्या मोजायच्या. हा बदल रमजानच्या आधी डॉक्टरांना विचारूनच करावा, शेजाऱ्याची चिठ्ठी पाहून नाही.

युनानी नुस्खे वापरणाऱ्यांसाठीही थोडे. हकीमांच्या जुन्या चिठ्ठीत रत्ती, मासा, तोळा येतात : ८ रत्तींचा मासा, १२ माशांचा तोळा. हा तोळा ११.६६४ ग्रॅमचा. जकातचा निसाब साडेसात तोळे सोने म्हणजे ८७.४८ ग्रॅम, तो याच तोळ्याने. म्हणजे रत्ती सुमारे १२१ एमजीची झाली. हल्लीच्या औषधांत सोयीसाठी ती १२५ एमजी धरतात. सराफ बाजारात मात्र आता १० ग्रॅमला तोळा म्हणतात, तो हिशेब माजून किंवा चूर्णाला लावू नये.

दोन आकडे जुळत नसतील तर गोळी घेण्याआधी जुनी आणि नवी, दोन्ही पट्ट्या मेडिकलवाल्यापुढे ठेवा. फोनवर नुसता आकडा सांगू नका, पट्टीचा फोटो पाठवा. आणि जादा डोस गेल्याची शंका आली, विशेषतः मुलाला, तर त्रास दिसायची वाट न पाहता दवाखान्यात जा आणि बाटली किंवा पट्टी सोबत घ्या. किती वाजता आणि किती एमएल किंवा किती गोळ्या दिल्या, हे डॉक्टर पहिल्यांदा विचारतात.