स्थिर स्थानिक पत्ता (मोबाइल राउटरवरील)

सिमकार्डावर चालणाऱ्या वायफाय राउटरने (बोलण्यात ‘डोंगल’ किंवा ‘हॉटस्पॉट’) आपल्या जाळ्यातील ठरावीक उपकरणाला दर वेळी एकच अंतर्गत आयपी पत्ता द्यावा, अशी केलेली तजवीज. चंद्रपूर जिल्ह्यातील पोंभुर्ण्यासारख्या जंगलपट्ट्यातील गावात एखाद्या दुकानाचे किंवा सेवा केंद्राचे सारे जाळे अशा एका डबीवर उभे असू शकते. वीज जाऊन आली की स्वस्त राउटर पत्त्यांची यादी विसरतो. प्रिंटरला नवा पत्ता मिळतो आणि संगणक मात्र दाखला जुन्याच पत्त्यावर पाठवत राहतो. प्रिंटर बिघडला म्हणून दुरुस्तीला नेण्याआधी हे तपासावे.

पार्श्वभूमी : पत्ते आपोआप वाटणारी डीएचसीपी ही पद्धत १९९३ मध्ये प्रथम नोंदली गेली, तिचा प्रचलित मसुदा राल्फ ड्रोम्स यांचा, मार्च १९९७ चा. पत्ता मुदतीने मिळतो आणि निम्मी मुदत सरताच उपकरण तो वाढवून मागते. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते अंतर्गत जाळ्यांसाठी राखलेल्या गटांपैकी एक. जिओच्या ‘जिओफाय’ या डबीचा स्वतःचा मूळ पत्ता १९२.१६८.२२५.१ हा त्यातलाच.

रीत : मार्ग दोन. पहिला, राउटरच्या सेटिंगच्या पानावर उपकरणाचा मॅक पत्ता (बारा अंक-अक्षरांची ओळख) आणि हवा तो आयपी पत्ता यांची जोडी नोंदवणे. दुसरा, उपकरणातच पत्ता हाताने लिहिणे. पहिलाच चांगला. हाताने लिहिलेला पत्ता राउटरला ठाऊक नसतो. राउटर तोच पत्ता दुसऱ्या कोणाला देऊन बसला की दोन्ही उपकरणे अडखळतात. शिवाय डबी बदलून वेगळ्या कंपनीची आणली की पत्त्याची सुरुवातच बदलते आणि हाताने बांधलेला प्रिंटर जाळ्याबाहेर पडतो. नोंदीवर चालणारा निदान नवा पत्ता घेऊन सापडतो. मात्र नोंदीची सोय प्रत्येक डबीत नसते. तेव्हा वाटपाची मर्यादा आखडून, समजा पत्त्याचा शेवटचा आकडा १०० ते २०० असा करून, प्रिंटरला हाताने २० हा शेवटचा आकडा द्यावा. राउटर रिसेट केला की त्यातील नोंदी आणि मर्यादा दोन्ही पुसल्या जातात, म्हणून त्या वहीत उतरवून ठेवाव्यात.

फिरता मॅक पत्ता : अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून फोन खरा मॅक पत्ता लपवून प्रत्येक वायफायला बनावट दाखवतात. नोंद खऱ्या पत्त्यावर केली असेल तर ती लागूच पडत नाही. त्या वायफायपुरती ही लपवणूक बंद करावी. प्रिंटर आणि कॅमेऱ्यांना सहसा हा त्रास नाही.

बाहेरून पोच : स्थिर स्थानिक पत्ता म्हणजे बाहेरून पोचण्याची सोय नव्हे. मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात, त्यासाठी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा गट २०१२ मध्ये राखला गेला. त्यामुळे चंद्रपुरात बसून पोंभुर्ण्यातील कॅमेरा थेट पाहता येत नाही. मधला सर्व्हर लागतो.

सुरक्षितता : राउटरचा मूळ पासवर्ड बदलावा.

फोनचा हॉटस्पॉट : आयफोन १७२.२०.१०.१ हा पत्ता स्वतःकडे ठेवतो आणि त्याच्या जाळ्यात इतरांसाठी १३ पत्ते उरतात. पत्ता राखून ठेवण्याची सोय त्यात नाही.