शिंपल्यांची खिडकी आणि प्रकाशाचे गणित

फ्रान्स्वा पिरार द लावाल हा फ्रेंच प्रवासी इ. स. १६०८ साली गोव्यास पोहोचला तो आजारी आणि पराधीन अवस्थेत. मालदीव बेटांजवळ त्याचे जहाज फुटले होते आणि पुढील पाच वर्षे तो तेथेच अडकून पडला होता. गोव्याच्या राजेशाही रुग्णालयात त्याची शुश्रूषा झाली. त्या काळी रुग्णालयाची व्यवस्था येशूसंघीय धर्मगुरूंकडे होती आणि पिरारने तिची मुक्तकंठाने स्तुती केली आहे. परंतु हा मनुष्य केवळ रुग्णालयाची स्तुती करून थांबणारा नव्हता. गोव्यातील घरांच्या खिडक्यांना काचेच्या जागी घासून पातळ केलेले शिंपले लाकडी चौकटींत बसवितात, हेही त्याने टिपून ठेवले. पुढे १६७२ ते १६८१ या काळात पश्चिम किनाऱ्यावर व इराणात वावरलेला इंग्रज वैद्य जॉन फ्रायर यानेही शिंपल्यांच्या अशाच खिडक्या पाहिल्या. काच येथे महाग व दुर्मीळ आहे, हे कारणही त्याने दिले.

हा शिंपला खाडीच्या चिखलात वाढतो. झुआरीच्या मुखाजवळचा चिखलीचा उपसागर हे त्याचे एक जुने वसतिस्थान. १७५८ साली लिनियसने त्याला जातिनाम दिले ते ‘प्लासेंटा’. हा लॅटिन शब्द ऐकताच आमच्या वैद्यकीय मित्रांना वार आठवते. सेमिनरीत लॅटिन गिरविलेल्यांना मात्र ठाऊक असते की रोमन लोकांच्या तोंडी त्याचा अर्थ चपटी पोळी असा होता. शिंपला आहेही तसाच. तो चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकविला की त्यातून बाहेरचे काही दिसत नाही, पण उजेड मात्र आत येतो. केपे येथील १७८७ सालच्या ‘पालासियो दो देयांव’ या वाड्यात अशा खिडक्या आजही पाहावयास मिळतात.

माझ्या धर्मग्रामातील ख्रिस्तमंदिराच्या पश्चिमेकडील भिंतीतही अशा खिडक्या होत्या. ‘होत्या’ असे म्हणावे लागते, कारण बारा वर्षांपूर्वी त्या काढण्याच्या ठरावावर प्रमुख धर्मगुरू या नात्याने मीच सही केली. त्यांच्या जागी ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आल्या आणि स्वच्छ काचा लागल्या. पहिल्याच रविवारी सायंकाळच्या मिस्सेला उन्हाचा सरळ पट्टा डाव्या बाजूच्या बाकांवर उतरला. लोक डोळ्यांपुढे गीतपुस्तक धरून बसले. मग काचांना काळी फिल्म चिकटविण्यात आली. मग मंदिरात अंधार झाला. मग भर दुपारीही ट्यूबलाइट लागू लागल्या. अखेरीस एका वृद्ध बाईंनी मला विचारले, ‘‘फादर, पूर्वी दिवे नव्हते तरी दिसत होते ना?’’

मला त्यांना उत्तर देता आले नाही. काचेतून उजेड अधिक येतो, अशी माझी समजूत होती, आणि आकडे पाहिले तर ती खोटीही नाही. साध्या काचेतून दृश्य प्रकाशाचा सुमारे ८८ टक्के भाग पार होतो. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत लिंग ली व क्रिस्टिन ऑर्टिझ यांनी याच शिंपल्याचा अभ्यास केला व तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार या शिंपल्याचा ९९ टक्के भाग कॅल्साइट आहे आणि तो सुमारे ८० टक्के प्रकाश जाऊ देतो. म्हणजे फरक काय तो आठ टक्क्यांचा. एवढ्याशा फरकाने एका मंदिराची ही दशा व्हावी काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मनुष्यजातीला जो लांबचा प्रवास करावा लागला, त्याच्या वाटेवर आमचे पुष्कळ धर्मबंधू भेटतात. तेराव्या शतकात लिंकनचे बिशप रॉबर्ट ग्रॉसटेस्ट यांनी प्रकाशावर ग्रंथ लिहिला. प्रकाशाचा एक बिंदू स्वतःला सर्व दिशांना पसरवीत नेतो आणि त्यातून सृष्टीला विस्तार लाभतो, अशी त्यांची कल्पना होती. हे भौतिकशास्त्र नव्हे, चिंतन आहे. पण ‘सर्व दिशांना’ हे शब्द लक्षात ठेवण्याजोगे आहेत. चार शतकांनंतर बोलोन्यातील येशूसंघीय धर्मगुरू फ्रान्सेस्को मारिया ग्रिमाल्डी यांनी खिडकीचे झाप लावून खोलीत काळोख केला, झापेला बारीकसे छिद्र ठेवले आणि त्यातून येणाऱ्या सूर्यकिरणांच्या वाटेत एक लहानशी वस्तू धरली. सरळ रेषांच्या हिशेबाने जेवढी सावली पडावयास हवी होती त्याहून ती रुंद पडली आणि तिच्या कडेला रंगीत रेघा उमटल्या. प्रकाश सरळ जातो, परावर्तित होतो आणि वक्रीभूत होतो हे ठाऊक होते. ग्रिमाल्डींनी त्यात चौथा प्रकार घातला व त्याला ‘डिफ्रॅक्शन’ हे नावही त्यांनीच दिले. १६६३ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी ते वारले. त्यांचा ग्रंथ १६६५ साली निघाला. त्यांना तो छापलेला पाहता आला नाही.

प्रकाश मोजण्याचे शास्त्र मात्र अठराव्या शतकात उभे राहिले. १७२९ साली फ्रान्सच्या पिएर बूगे याने एक साधी पण मर्मभेदी गोष्ट सांगितली. दोन उजेड सारखे आहेत की नाहीत हे डोळ्याला कळते, पण एक दुसऱ्याच्या किती पट आहे हे कळत नाही. म्हणून एका दिव्याचे अंतर बदलत जाऊन दोन्ही उजेड सारखे करावयाचे आणि अंतरावरून पट काढावयाची. १७६० साली योहान हाइन्रिख लाम्बर्ट या शिंप्याच्या मुलाने ‘फोटोमेट्रिया’ हा ग्रंथ लिहिला आणि आदर्श विखुरणाऱ्या पृष्ठभागाचा नियम मांडला. असा पृष्ठभाग कोठूनही पाहिला तरी सारखाच उजळ दिसतो. चुन्याची भिंत या आदर्शाच्या जवळ जाते, आरसा त्याच्या अगदी उलट टोकाला असतो. आपला शिंपला या दोहोंच्या मधे कोठे तरी बसतो. बहुतेक खरे पदार्थ असे मधलेच असतात आणि पुढील दोनशे वर्षे गणिताला अडचण झाली ती त्यांचीच.

विसाव्या शतकात इमारतींतील उजेडाचा हिशेब सुरू झाला तो प्रामुख्याने इंग्लंडात. तेथील आकाश ढगाळ. १९४२ साली मून व स्पेन्सर यांनी अशा आकाशाचे सूत्र दिले. त्यात डोक्यावरचे आकाश क्षितिजापेक्षा तिप्पट उजळ असते. हेच सूत्र पुढे आंतरराष्ट्रीय प्रमाण झाले. आपल्याकडे हे चालणार नाही, हे आपल्या शास्त्रज्ञांनी वेळीच ओळखले. आपल्या प्रमाणात सूर्य क्षितिजावर १५ अंश असतानाचे, सूर्यापासून दूरचे निरभ्र आकाश धरलेले आहे. बाहेरचा उजेड ८००० लक्स मानलेला आहे. या आकाशात उजळ असते ते क्षितिज, आणि डोक्यावरचा भाग फिका. अर्थात आपल्याकडे खिडकीवर येणारा प्रकाश आडव्या दिशेने अधिक येतो. मंदिर बांधणाऱ्या गवंड्यांनी हे सूत्र वाचलेले नव्हते, पण उजेड कोणीकडून येतो हे ते रोज पाहत होते.

मधल्या पदार्थांचा गुंता सुटला तो संगणक आल्यावर. स्टॅनिस्लाव उलाम हा गणितज्ञ १९४६ साली आजारपणातून उठत असताना पत्त्यांचा एकट्याचा डाव खेळत होता. डाव लागण्याची शक्यता सूत्राने काढण्यापेक्षा शंभर वेळा खेळून मोजणेच सोपे, असे त्याच्या मनात आले. त्यातून ‘मॉन्टे कार्लो’ ही पद्धत निघाली आणि ती प्रथम वापरली गेली ती अणुबाँबच्या कारखान्यात, न्यूट्रॉन कसे विखुरतात हे पाहण्यासाठी. आज तीच पद्धत वर्गखोल्यांतील उजेड मोजते. या इतिहासाने अस्वस्थ व्हावे की समाधान मानावे, हे मला अजून ठरविता आलेले नाही.

कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत ग्रेगरी वॉर्ड याने १९८० च्या दशकात ‘रेडियन्स’ हा संगणकीय कार्यक्रम रचला. त्यात किरण सूर्याकडून सोडीत नाहीत, ते डोळ्याकडून सोडतात आणि ते भिंतींवर आपटत, खिडकीतून बाहेर पडत आकाशाला भिडतात. सूर्याकडून निघालेल्या असंख्य किरणांपैकी फारच थोडे पाहणाऱ्याच्या डोळ्यांत येतात. त्यामुळे उलट दिशेने जाणे स्वस्त पडते, आणि प्रकाशाची वाट उलटी फिरविली तरी तीच राहते. गंमत अशी की युक्लिड व टॉलेमी यांच्या मते दृष्टी म्हणजे डोळ्यांतून निघणारे किरणच होते. अकराव्या शतकात इब्न अल-हैथमने हे मत खोडून काढले. नऊशे वर्षांनी संगणकाने ते पुन्हा उसने घेतले, सत्य म्हणून नव्हे, सोय म्हणून.

तरीही पट्ट्यांचा पडदा, जाळी, दुधी काच यांतून जाताना प्रकाश नक्की कसा विखुरतो, हे प्रत्येक वेळी किरणागणिक काढणे अशक्यप्राय होते. त्याच प्रयोगशाळेतील जोसेफ क्लेम्स याने १९९४ साली एक उपाय मांडला. खिडकीपुढील अर्धगोलाचे १४५ तुकडे करावयाचे, तसेच १४५ तुकडे आतल्या बाजूस. बाहेरच्या प्रत्येक तुकड्यातून आलेला प्रकाश आतल्या प्रत्येक तुकड्याकडे किती जातो, याचा तक्ता मांडावयाचा. १४५ ओळी आणि १४५ रकाने, म्हणजे २१,०२५ आकडे झाले. काचेमागे पडदा असेल तर दोन्ही तक्त्यांची सांगड गुणाकाराने घालता येते आणि थरांमधील परावर्तनेही हिशेबात घेता येतात. पुढे २०१० च्या सुमारास वॉर्ड व त्याच्या सहकाऱ्यांनी हाच तक्ता आकाशाच्या तक्त्याशी जोडला. त्यामुळे वर्षातील प्रत्येक तासाचा उजेड काढणे आवाक्यात आले. या पद्धतीत एक उणीव होती. सूर्यबिंब आकाशात अवघा अर्धा अंश व्यापते, आणि क्लेम्सचा तुकडा त्याहून कितीतरी मोठा; त्यामुळे उन्हाचा धारदार पट्टा गणितात पसरट होई. नंतर बारीक तुकड्यांचे तक्ते आले ते त्यासाठीच.

येथे त्या वृद्ध बाईंच्या प्रश्नाचे उत्तर सापडते. स्वच्छ काचेच्या तक्त्यात आकडे असतात ते जवळजवळ एकाच तिरप्या रेषेत. प्रकाश ज्या दिशेने येतो त्याच दिशेने पुढे जातो. शिंपल्याच्या तक्त्यात तेच आकडे सगळीकडे पसरतात. उन्हाचा पट्टा बाकांवर न उतरता चुन्याच्या छतावर, समोरच्या भिंतीवर, वेदीवर वाटला जातो आणि तेथून पुन्हा खाली येतो. मी ठरावावर सही केली तेव्हा विचारले होते ते किती उजेड येईल एवढेच. तो कोठे जाईल, हे विचारले नव्हते.

आता नवे शिंपले मिळणार नाहीत, आणि मिळूही नयेत. २००१ साली या शिंपल्याचा समावेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत झाला. सुदैवाने जुन्या सहा चौकटी आमच्या तेव्हाच्या सांक्रिस्तांवने जळणात जाऊ दिल्या नाहीत; त्या घंटाघराखालच्या खोलीत भिंतीला टेकून उभ्या आहेत. वास्तुशास्त्र शिकणाऱ्या आमच्याच गावच्या एका मुलाने मागील महिन्यात त्या झाडून पुसून मोजल्या. बरेच शिंपले तडकलेले आहेत, काही उंदरांच्या येण्याजाण्याने निखळले आहेत. जे शाबूत आहेत ते पश्चिमेच्या दोन खिडक्यांना पुरतील, वेदीजवळच्या दोन. पाळकीय मंडळाने होकार दिला आहे, आणि सुतार पावसाळा सरल्यावर येणार आहे.