स्वित्झर्लंड ईयूमध्ये नाही, मग युरोपातले लोक तिथे नोकरी कशी करतात?

स्वित्झर्लंड युरोपियन युनियनचा (ईयू) सदस्य नाही. तरीही फ्रान्स, जर्मनी, इटलीतले लाखो लोक सीमा ओलांडून तिथे कामाला जातात. हे कसं शक्य होतं?

१९९९ मध्ये स्वित्झर्लंडने ईयूसोबत सात करार केले. ते २००२ पासून लागू झाले. त्यातल्या एका करारामुळे दोन्हीकडच्या नागरिकांना एकमेकांकडे राहण्याची आणि काम करण्याची मुभा मिळाली. बाकीचे करार व्यापार, शेतमाल, वाहतूक अशा विषयांचे आहेत. पण मेख अशी, की एक करार मोडला तर सातही रद्द होतात! म्हणूनच या अटीला 'गिलोटिन' म्हणतात.

२०१४ च्या सार्वमतात ५०.३ टक्के मतदारांनी स्थलांतरावर मर्यादा घालण्याचा कौल दिला. पण तो जसाच्या तसा राबवला तर बाजारपेठ गमावण्याची भीती होती. त्यामुळे २०१६ मध्ये संसदेने सौम्य कायदा केला: जास्त बेरोजगारी असलेल्या क्षेत्रांतल्या रिक्त जागा आधी स्थानिक रोजगार कार्यालयांना कळवायच्या.

२०२० मध्ये मुक्त संचार थांबवण्याचा प्रस्ताव पुन्हा मतदानाला आला. यावेळी ६१.७ टक्के लोकांनी तो फेटाळला.

भारतीयांना मात्र ही मुभा नाही. ईयू आणि 'एफ्टा' देशांबाहेरच्या लोकांसाठी वर्क परमिटचा वार्षिक कोटा ठरलेला असतो.